बारा लाख कॉप्या विकूनही स्टुडिओ साडेतीन महिन्यांत बंद कसा पडतो?

आधी प्रश्न परत मांडतो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. विचारणाऱ्याला पुण्यातल्या एका नव्या गेम स्टुडिओची थ्रीडी आर्टिस्ट म्हणून ऑफर आलीय. पगार आत्ताच्यापेक्षा ३० टक्के जास्त, काम आउटसोर्सिंगचं नाही तर स्टुडिओच्या स्वतःच्या गेमवर. मालक दुसऱ्या धंद्यात नाव कमावलेला, पैसेवाला, गेम्सचा प्रचंड शौकीन, पण या धंद्यात नवा. आणि नेमकं आत्ताच यांनी अमेरिकेतल्या ३८ स्टुडिओज बद्दल कुठेतरी वाचलं, की त्यांचा 'किंग्डम्स ऑफ अमालूर: रेकनिंग' पहिल्या तीन महिन्यांत १२ लाख विकला गेला आणि तरी कंपनी बुडाली. म्हणून प्रश्न असा की "गेम हिट होऊनही स्टुडिओ बंद पडत असेल तर मी चालू नोकरी सोडून जायचं कशाच्या भरवशावर?"

प्रश्न रास्त आहे, फक्त तो जरा बाजूला सरकवायला हवा असं मला वाटतं. गेम किती विकला जाईल हे तुम्हाला, मला, मालकाला कोणालाच आधी कळत नाही, त्यामुळे त्यावर नोकरीचा निर्णय घेता येत नाही. पण स्टुडिओकडचा पैसा कुठल्या महिन्यापर्यंत पुरणार आहे आणि गेम कुठल्या महिन्यात बाजारात येणार आहे, या दोन तारखा मात्र आधी कळू शकतात, निदान विचारता तरी येतात. मी आधी टेस्टिंगमध्ये होतो आणि नंतर बरीच वर्षं प्रोड्यूसर, म्हणजे शेड्यूल आणि बजेटची शीट सांभाळणारा माणूस, आणि जे बंद पडलेले स्टुडिओ मी जवळून पाहिले त्यात जवळपास प्रत्येक ठिकाणी या दोन तारखांमध्ये खड्डा होता आणि तो कोणाला तरी पहिल्यापासून माहीत होता. ३८ स्टुडिओज तर याचं इतकं स्वच्छ उदाहरण आहे की नव्या प्रोड्यूसरला मी तेच समजावून सांगतो.

तर ही गोष्ट नीट बघू. कर्ट शिलिंग हा बेसबॉलमधला नावाजलेला पिचर. आपल्याकडे बेसबॉलचं कोणाला फारसं काही नसतं, पण एवढं लक्षात घ्या की बोस्टनच्या रेड सॉक्स टीमने ८६ वर्षांनी २००४ मध्ये वर्ल्ड सीरीज जिंकली त्यात हा माणूस घोट्याला टाके घातलेले असताना, मोजा रक्ताने भिजलेला असताना बॉलिंग करत होता, म्हणजे त्या भागात त्याला काय मान असेल बघा. दौऱ्यावर असताना हॉटेलात बसून 'एव्हरक्वेस्ट' सारखे ऑनलाइन गेम तासन्‌तास खेळायचा. २००६ मध्ये त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्ड नावाच्या छोट्या गावात ग्रीन मॉन्स्टर गेम्स काढली, पुढे स्वतःच्या जर्सीच्या नंबरवरून नाव केलं ३८ स्टुडिओज. कल्पनेतलं जग रचायला फँटसी लेखक आर. ए. साल्व्हाटोरे, दिसणं ठरवायला 'स्पॉन' कॉमिकवाले टॉड मॅकफार्लेन. ध्येय एकच, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या तोडीचा एमएमओ. त्याचं आतलं नाव होतं प्रोजेक्ट कोपर्निकस.

इथे जरा थांबतो. एमएमओ म्हणजे हजारो लोक एकाच वेळी खेळतात तो ऑनलाइन गेम, आणि तो बनवणं हे गेमच्या धंद्यातलं सगळ्यात महागडं काम समजलं जातं. कारण अर्धा एमएमओ विकता येत नाही. मोबाइल गेम दहा लेव्हलचा काढून लोकांची नाडी बघता येते. पण एमएमओला सर्व्हर, कस्टमर सपोर्ट, बिलिंग, शेकडो तासांचा कंटेंट हे सगळं पहिल्या दिवशी तयार लागतं आणि तोवर एक रुपया येत नाही. त्यात वॉरक्राफ्टचे २०१० मध्ये १.२ कोटी सबस्क्रायबर झाले होते, ते बघून सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं. प्रत्यक्षात तो शिखराचा काळ होता. डिसेंबर २०११ ला आलेला स्टार वॉर्सचा मोठा एमएमओ, एवढा ब्रँड मागे असून, वर्षभरात फुकट खेळायच्या मॉडेलवर आणावा लागला.

आता महत्त्वाचा भाग. २००९ मध्ये टीएचक्यू नावाचा पब्लिशर (म्हणजे गेमला पैसे पुरवून तो बाजारात आणणारी कंपनी) बिग ह्यूज गेम्स हा मेरीलँडमधला स्टुडिओ बंद करायच्या बेतात होता ('राइज ऑफ नेशन्स' बनवणारे तेच हे). ३८ ने तो विकत घेतला. त्यांच्याकडे एक आरपीजी, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम, अर्धवट बनत होता, त्यालाच साल्व्हाटोरेच्या जगाचा साज चढवून तो झाला किंग्डम्स ऑफ अमालूर, आणि ईए ही बडी गेम कंपनी त्याची पब्लिशर झाली. म्हणजे लक्षात घ्या, कंपनी एक पण टीम दोन. मेरीलँडची टीम अमालूर बनवतेय, जो विकला जाणार आहे, आणि मुख्य ऑफिसमधली मोठी टीम कोपर्निकस बनवतेय ज्याला अजून वर्षं लागणार आहेत. तुम्ही वाचलेला १२ लाखांचा आकडा पहिल्या टीमच्या गेमचा आहे. पैसे जळत होते ते जास्त करून दुसऱ्या टीमवर.

जळण्याचा वेग किती होता? आमच्या धंद्यात अमेरिकन स्टुडिओसाठी एक ठोकताळा पूर्वापार वापरतात, माणशी महिना १० हजार डॉलर. यात पगार, विमा, भाडं, मशीन, सॉफ्टवेअर लायसन्स सगळं धरलेलं असतं. शेवटी शेवटी ३८ कडे दोन्ही ठिकाणी मिळून जवळपास ३८० माणसं होती, म्हणजे नुसत्या ठोकताळ्याने महिन्याला ३८ लाख डॉलर येतात आणि प्रत्यक्षातला खर्च ४० लाखांच्या आसपास असल्याचं नंतर छापून आलं. शिवाय ही कंपनी कर्मचाऱ्यांचे लाड करणारी होती, उत्तम आरोग्य विमा, महागडे गेमिंग लॅपटॉप, जिम. मालक मनापासून चांगला वागत होता असं तिथली बरीच लोकं पुढेही सांगत राहिली, आणि मला ते खरं वाटतं.

पैसा कुठून? सुरुवातीचा शिलिंगचा स्वतःचा. आपले ५ कोटी डॉलर यात गेले असं तो नंतर म्हणाला. बाहेरचा मोठा गुंतवणूकदार काही मिळेना. मग २०१० मध्ये ऱ्होड आयलंड या शेजारच्या छोट्या राज्याचे गव्हर्नर डोनाल्ड कार्सिएरी भेटले. राज्यात तेव्हा बेकारी जोरात होती, त्यांना नवीन धंदा हवा होता, आणि राज्याच्या आर्थिक विकास महामंडळाने ७.५ कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली, अट एवढीच की कंपनी प्रॉव्हिडन्स शहरात हलवायची आणि २०१२ संपेपर्यंत ४५० नोकऱ्या द्यायच्या. नाही दिल्या तर दंड. या कर्जासाठी बाँड, म्हणजे कर्जरोखे, विकले गेले, एप्रिल २०११ मध्ये कंपनी प्रॉव्हिडन्सला गेली.

माझ्या मते इथेच निकाल लागला होता. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, ७.५ कोटींचं कर्ज म्हणजे ७.५ कोटी हातात नव्हेत. व्याजासाठी राखीव रक्कम, फी वगैरे कापून स्टुडिओपर्यंत आले साधारण ५ कोटी. आणि अमेरिकेच्या सिक्युरिटीज कमिशनने (आपल्या सेबीसारखं) २०१६ मध्ये महामंडळावर आणि बाँड विकणाऱ्या बँकेवर जी केस टाकली त्यात मुद्दा हाच होता, की गेम पुरा करायला निदान ७.५ कोटी लागणार आणि या कर्जातून मिळणार ५ कोटी, हे दोघांना माहीत असून बाँड घेणाऱ्यांना सांगितलं नाही. म्हणजे अडीच कोटी डॉलरचा खड्डा सही करायच्या दिवशीच होता! पुण्याच्या आसपास स्लॅबपर्यंत येऊन वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या बिल्डिंगी तुम्ही बघता ना, तसंच हे, पाया खणतानाच हिशोब कमी होता, फक्त तेव्हा कोणी बोललं नाही, कारण मधल्या काळात कुठून तरी येतील असं सगळ्यांनी धरलेलं. "कुठून तरी" म्हणजे अमालूरची विक्री, टॅक्स क्रेडिट (सरकारकडून मिळणारी करसवलत), नवा गुंतवणूकदार. तिन्ही अंदाज एकदम खरे ठरायला हवे होते.

दुसरी गोष्ट बाहेरच्यांच्या फारशी लक्षात येत नाही. नोकऱ्यांच्या आकड्याची अट सरकारच्या बाजूने बरोबरच आहे, पण गेम बनवण्याच्या पद्धतीशी ती उलटी बसते. आमच्याकडे सुरुवातीला छोटी टीम ठेवतात, ती गेमचा मूळ खेळ मजेशीर होतोय का ते बघते, टूल्स तयार करते, आणि मग आर्टिस्टची, लेव्हल डिझायनरची भरती होते. टूल्स तयार नसताना शंभर आर्टिस्ट घेतलेत तर ते शंभर जण काम तर करतात, पण निम्मं काम नंतर फेकावं लागतं. भरतीची तारीख करारात लिहिली गेली की प्रोड्यूसरच्या हातातला सगळ्यात मोठा ब्रेक गेला म्हणून समजा. माझ्या अनुभवात स्टुडिओ वाचवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे भरती सहा महिने पुढे ढकलणं, आणि इथे तोच बंद होता.

आता १२ लाखांकडे येऊ. ७ फेब्रुवारी २०१२ ला अमालूर आला, परीक्षणं चांगली, विक्री नव्या ब्रँडच्या मानाने खरंच छान. मग पैसे का नाही आले? कारण पब्लिशर गेम बनवायला जो ॲडव्हान्स देतो तो आधी डेव्हलपरच्या वाट्यातून वसूल होतो. सोपे आकडे घेऊन बघा, हे आकडे माझे आहेत, अमालूरच्या कराराचे नाहीत. समजा पब्लिशरने ३० कोटी रुपये ॲडव्हान्स दिला. दुकान, कन्सोल कंपनी, टॅक्स सगळं जाऊन एका कॉपीमागे २००० रुपये उरले, त्यातला डेव्हलपरचा वाटा २५ टक्के, म्हणजे ५०० रुपये. ३० कोटी भागिले ५००, सहा लाख कॉप्या. म्हणजे पहिल्या सहा लाख कॉप्यांवर डेव्हलपरला नवीन एक पैसा मिळत नाही, पेपरात मात्र छापून येतं गेमचे सहा लाख विकले गेले. आणि त्यानंतर जे येतात ते तिमाही हिशोब होऊन, रिटर्न वगैरे वजा होऊन, उशिरा. ऱ्होड आयलंडचे नवे गव्हर्नर लिंकन चेफी यांनी नंतर सांगितलं की खर्च भरून यायला ३० लाख विकायला हवे होते. त्यामुळे १२ लाख हा आकडा वाईट नव्हता, तो चुकीच्या बिलापुढे ठेवला गेला. एका आरपीजीच्या विक्रीवर दोन टीमचे पगार, वर एका एमएमओचं अर्ध बजेट आणि कर्जाचा हप्ता, एवढं सगळं निघत नाही हो.

(चेफी हे मुळात या कर्जाच्या विरोधातच होते, निवडणुकीतही बोलले होते. निवडून आले आणि हे त्यांच्या गळ्यात पडलं. पुढे काय झालं त्यात त्यांचा दोष किती यावर अजून लोक भांडतात.)

शेवटचे दिवस पटकन सांगतो. १ मे २०१२ ला ११ लाख २५ हजार डॉलरचा हप्ता चुकला. मेच्या मध्यावर चेफी पत्रकारांना म्हणाले की कंपनी तग धरून राहावी म्हणून आमचे प्रयत्न चालू आहेत, आणि कंपनी अडचणीत आहे हे तिथल्या कित्येक लोकांना या बातमीतूनच कळलं. १५ तारखेचा पगार झाला नाही. हप्त्याचा चेक दिला तर खात्यात तेवढे पैसे नाहीत म्हणून तो परत, मग दुसऱ्या दिवशी कसाबसा भरला. मधेच चेफींनी कोपर्निकसची गुप्त ठेवलेली तारीख, जून २०१३, सांगून टाकली. म्हणजे पैसे मे २०१२ ला संपले आणि गेम जून २०१३ ला येणार होता, वर सांगितलेल्या दोन तारखा हव्या असतील तर या घ्या, मधे तेरा महिने, महिन्याला ४० लाख. २४ मेला सगळ्यांना ईमेलने काढलं. आरोग्य विमाही तिथेच संपला. ७ जूनला दिवाळखोरीचा अर्ज, त्यात देणी १५ कोटी ७ लाख डॉलर आणि मालमत्ता २ कोटी १७ लाख.

यात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट घरांची आहे. मॅसॅच्युसेट्सहून प्रॉव्हिडन्सला या म्हणून कंपनीने लोकांना सांगितलं होतं की तुमचं जुनं घर विकायची जबाबदारी आमची, एका एजन्सीमार्फत ते बघू. कंपनी बंद झाल्यावर काही जणांना कळलं की त्यांचं घर विकलंच गेलेलं नाही आणि गृहकर्ज अजून त्यांच्याच नावावर आहे. पगार नाही, विमा नाही आणि जे घर आपण विकलं असं समजत होतो त्याचे हप्ते सुरू. राज्याने पुढे कोर्टकचेऱ्या करून तडजोडीतून साधारण ६ कोटी डॉलर परत मिळवले, अमालूरचे हक्क २०१८ मध्ये टीएचक्यू नॉर्डिकने घेतले, २०२० मध्ये तो गेम नव्याने बाजारातही आला. कर्मचाऱ्यांना बुडालेल्या पगारातला थोडासा हिस्सा मिळणार असल्याची बातमी आली ती २०२१ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी.

मेरीलँडच्या टीमचं तर अजूनच. एपिक गेम्सने त्यातल्या काही लोकांना घेऊन ऑगस्ट २०१२ मध्ये इम्पॉसिबल स्टुडिओज काढला, नाव बघा काय ठेवलं, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तोही बंद केला. त्या लोकांनी नऊ महिन्यांत दोन स्टुडिओ बंद होताना बघितले.

आता कोणी म्हणेल की हा झाला हौशी मालकाचा किस्सा, मोठ्या कंपनीच्या छत्राखाली असं होत नाही. होतं. 'एज ऑफ एम्पायर्स' आपल्या पिढीने सायबर कॅफेत आणि हॉस्टेलच्या लॅनवर किती खेळला असेल, वोलोलो (त्यातल्या पुजाऱ्याचा मंत्र) माहीत नसलेला इंजिनिअर मला तरी भेटला नाही. तो बनवणारा डॅलसचा एन्सेम्बल स्टुडिओज, १९९५ चा, पहिला गेम १९९७, दुसरा १९९९, मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये विकत घेतला. एज ऑफ मिथॉलॉजी चालला, तिसरा एज चालला. एकही मोठा फ्लॉप नाही. तरी सप्टेंबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं की हातातला 'हेलो वॉर्स' झाला की स्टुडिओ बंद, आणि जानेवारी २००९ च्या अखेरीस झालासुद्धा, गेम बाजारात यायच्या आधीच. तिथे कारण वेगळं होतं, अनुभवी माणसांचा महागडा स्टुडिओ आणि मालकाचं गणित बदललेलं. पण फरक बघा, लोकांना चार महिने आधी कळलं, पगार चालू राहिले, आणि बंद झाल्याबरोबर त्यांच्यातूनच रोबोट एंटरटेनमेंट, बॉनफायर असे नवे स्टुडिओ उभे राहिले. दोन्हीकडे शटर पडलं, पण कोणाच्या घराचा हप्ता अडकला आणि कोणाचा नाही हे बंद करण्याच्या पद्धतीवर ठरलं.

पुण्यातलंच बघायचं तर युबीसॉफ्टचं. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम'चा रिमेक २०२० मध्ये पुणे-मुंबई टीमचा म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये तो कंपनीच्याच मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेला. वाईट वाटलंच आपल्याकडच्यांना. पण मोठी कंपनी असल्यामुळे पुण्याचा स्टुडिओ दुसऱ्या कामांवर चालू राहिला. एकाच गेमवर उभ्या असलेल्या छोट्या स्टुडिओचा तो गेम असा गेला तर दुसऱ्या महिन्यात पगाराचे वांधे होतात. त्यामुळे तुमच्या ऑफरमध्ये मला सगळ्यात आधी हे जाणून घ्यायचंय की स्टुडिओकडे या ओरिजिनल गेमशिवाय अजून कुठलं काम आहे का. बाहेरच्या क्लायंटचं काम करणाऱ्या स्टुडिओला आपल्याकडे जरा कमी लेखतात, "सर्व्हिसवाले" म्हणतात, पण भाडं तेच काम भरतं.

आता प्रत्यक्ष तुमच्याबद्दल. तुम्ही एकटे आहात की घर चालवताय, गृहकर्ज आहे का, हातात किती महिन्यांचा खर्च आहे, हे मला माहीत नाही आणि उत्तर बरंचसं त्यावर आहे. पंचविशीत, सहा महिन्यांची शिल्लक असलेल्या आर्टिस्टला मी म्हणेन जा, ओरिजिनल गेमवर दोन वर्षं मिळाली तर शिकायला मिळतं ते आउटसोर्सिंगमध्ये पाच वर्षांत मिळत नाही, स्टुडिओ बंद पडला तरी. घरात एकटेच कमावते असाल तर वेगळं.

एचआरला विचारू नका, त्यांना माहीत नसतं. फाउंडर किंवा प्रोड्यूसरशी एक कॉल मागा आणि सरळ विचारा: आज नवीन पैसा आला नाही तर आहे त्यात किती महिने निघतात? गेमची तारीख काय धरलीय? मधलं अंतर कोण भरणार आहे, सही झालेला करार आहे की बोलणी चालू आहेत? पब्लिशर असेल तर ॲडव्हान्स माइलस्टोनवर, म्हणजे कामाच्या ठरलेल्या टप्प्यांवर, आहे का, आणि शेवटचा माइलस्टोन वेळेवर पास झाला का? आकडे नाही सांगितले तरी चालेल, माणूस कसं बोलतो ते ऐका. ज्याने शीट बघितलीय तो लगेच "एवढे महिने" म्हणतो. "फंडिंगचं टेन्शन घेऊ नका, सर आहेत" असं उत्तर आलं तर सरांचेच ५ कोटी डॉलर बुडाले होते हे आठवा. वैयक्तिक श्रीमंती हा धोका कमी करत नाही असं नाही, पण श्रीमंत माणूस कुठल्या रकमेला हात आखडता घेईल ते त्यालाही तोवर माहीत नसतं.

तुम्हाला स्वतःहून तपासता येण्यासारखंही बरंच आहे. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या) साइटवर थोडी फी भरून तिचा ताळेबंद, कर्जाचा बोजा कोणाचा आहे, डायरेक्टर कोण आणि त्यांच्या आधीच्या कंपन्यांचं काय झालं हे बघता येतं. नवीन कंपनी असेल तर फाइलिंग झालेलंच नसेल, ठीक आहे, तेही कळेल. तिथे आधीपासून काम करणारा कोणी ओळखीतून मिळाला तर त्याला पगाराबद्दल विचारू नका, पीएफ दर महिन्याला पासबुकात दिसतो का एवढंच विचारा. आपल्याकडे पैशाची चणचण पगारात दिसायच्या आधी पीएफमध्ये दिसते, कारण पगार उशिरा झाला की लोक बोंबलतात आणि पीएफ उशिरा भरला तर बहुतेकांना पत्ताच नसतो.

मी होतो अशा एका स्टुडिओत (नाव घेत नाही) शेवटाच्या चार-पाच महिने आधीपासून फ्रीलान्स आर्टिस्टचे फोन माझ्याकडे यायला लागले होते की बिल अडकलंय जरा बघा ना. मग सॉफ्टवेअरची लायसन्स रिन्यू व्हायला उशीर, तीन जणांत दोनच लायसन्स. मालक तेव्हाही ऑल हँड्समध्ये, म्हणजे सगळ्या स्टाफच्या मीटिंगमध्ये, नव्या गेमबद्दल उत्साहाने बोलत होते आणि ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही, आशा होती त्यांना. पण बाहेरच्या लोकांची बिलं थांबली की आतल्यांचा नंबर लांब नसतो हे तिथे जे डोक्यात बसलं ते बसलं. म्हणून जॉइन झाल्यावरही अकाउंट्समधल्या माणसाशी चहाची ओळख ठेवा, हे मी गमतीने म्हणत नाहीये.

ऑफरमधल्या दोन-तीन बारीक गोष्टी. ३० टक्के वाढीतला काही भाग जॉइनिंग बोनस म्हणून पहिल्या पगारासोबत मागितला तर बघा देतात का, पुढे काय होईल त्यापेक्षा आधी हातात आलेले बरे. ईसॉप (कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क) देत असतील तर घ्या पण त्याची किंमत मनात शून्य धरा आणि मगच पगाराची तुलना करा. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं सलग नोकरी लागते, आत्ताच्या कंपनीत चार वर्षं होऊन गेली असतील तर किती सुटतेय त्याचा आकडा काढून बघा. आरोग्य विमा कंपनीचा असला तरी स्वतःची वेगळी पॉलिसी आजच काढा, आईवडील त्यात असतील तर नक्कीच, ग्रुप विमा नोकरीबरोबर जातो. शहर बदलून, घर सोडून जायला सांगत असतील तर तो खर्च आधी हातात द्या म्हणा, नंतर बिल लावतो असं नको.

आणि आर्टिस्ट म्हणून एक गोष्ट पगाराइतकीच महत्त्वाची. कोपर्निकसवर लोकांनी काही वर्षं काम केलं आणि तो गेम आलाच नाही, शेवटच्या दिवसांत कंपनीने एक छोटा फ्लायथ्रू व्हिडिओ बाहेर सोडला तेवढाच जगाने बघितला. तुमच्या बाबतीत असं झालं तर दोन वर्षांचं काम एनडीएखाली (गुप्ततेच्या कराराखाली) अडकेल, दाखवायला काहीच नाही आणि नेमकं तेव्हाच नवी नोकरी शोधायची. त्यामुळे ऑफर लेटरमध्ये किंवा निदान ईमेलवर एक वाक्य लिहून घ्या, की प्रोजेक्ट रद्द झाला किंवा कंपनी बंद झाली तर अमुक महिन्यांनी मी माझं स्वतःचं काम पोर्टफोलिओत दाखवू शकेन. कंपनी चालू असताना हे एका मिनिटात मिळतं, बंद झाल्यावर परवानगी द्यायलाही कोणी जागेवर नसतं. फाउंडरशी कॉल झाला की ते महिन्यांबद्दल काय म्हणाले एवढं इथे टाका, आकडे टाकू नका, मग बघून सांगतो.